बिनसाखरेचा चहा

भाऊजी, परवा मास्तर घरी आले होते. ओसरीच्या कडेला टेकले, टोपी काढली, परत घातली. मी ओळखलं, काहीतरी मागायला आलेत.

"नर्सबाई, रविवारी वस्तादांची शोकसभा आहे. तालमीतच, मारुतीसमोर. तुम्ही त्यांच्या वहिनी, तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं? चार ओळी लिहून द्या, मी वाचून दाखवतो."

"मीच येऊन वाचते की. डोळे चांगले आहेत माझे."

मास्तरांनी पुन्हा टोपी काढली. "तसं नाही... तालमीत बाईमाणूस..."

म्हणजे बघा. चाळीस वर्षं तुमच्या पैलवानांची लचकलेली मनगटं मी बांधली, मोडलेल्या कानांना औषध लावलं, पण सगळं माझ्या पडवीत. तालमीचा उंबरा आतून कसा दिसतो ते मला आजही माहीत नाही. तुम्ही गेलात, नियम होता तिथंच आहे.

तर लिहिणार मी, वाचणार मास्तर. माझा पहिला संशय इथंच सुरू होतो. मास्तर भला माणूस, पण वाचताना अडचणीचं वाक्य आलं की त्यांना खोकला येतो आणि खोकला संपेपर्यंत ते पुढच्या परिच्छेदावर गेलेले असतात. असो. त्याचा बंदोबस्त मी करून ठेवला आहे. शेवटी सांगते.

तुम्ही कुठं कुठं कुस्त्या मारल्या, किती पोरं घडवलीत, ते बाकीचे सांगतील. मला चहाबद्दल बोलायचं आहे.

पण त्याआधी माळवदाबद्दल.

लग्न होऊन आले तेव्हा मी स्वतःला कुस्तीतली मोठी जाणकार समजत होते. माझं माहेर नेवाशाचं, वडलांना नाद, त्यामुळं पट म्हणजे काय, ढाक म्हणजे काय, सगळं तोंडपाठ. पाठ होतं एवढंच. इथं आल्यावर पहिल्याच चैत्रातल्या यात्रेत कुस्त्यांचा हगामा भरला. बायकांनी खाली जायचं नाही, म्हणून आम्ही तालमीशेजारच्या घराच्या माळवदावर चढलो. खाली तुम्ही लांग कसून उभे, विशीतले, आणि वरून मी नवी सून ओरडले, "भाऊजी, पट काढा, पट!" डोक्यावरचा पदर खाली, सासूबाईंचा हात माझ्या दंडावर. तुम्ही दचकून वर बघितलंत आणि त्याच क्षणी समोरच्यानं तुम्हाला उचलून आपटलं. चितपट.

महिनाभर घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. तुम्ही मात्र दुसऱ्याच दिवशी दारात आलात, पाठ चोळत. "वहिनी, पुढच्या टायमाला आदी सांगा, मग वरडा."

तिथून आपली जोडी जमली. पुढं तुम्ही वस्ताद झालात आणि मी सरकारी दवाखान्यातली नर्सबाई. हगाम्यात जोड लावायच्या आधी तुम्ही माळवदाकडे बघायचात. समोरचा पैलवान मला ठीक वाटला तर मी गप्प बसायची. काही गडबड वाटली तर पदराचं टोक कानावर घ्यायची. मग तुम्ही पंचांशी हुज्जत घालून आपल्या पोराची जोड बदलून घ्यायचात. लोकांना वाटायचं, वस्तादांची नजर काय आहे! नजर माळवदावर होती.

आणि माझी नजर म्हणजे! पेपरात परदेशातल्या कुणा धावणाऱ्याचं पदक औषधं घेतली म्हणून काढून घेतल्याचं वाचलं, तेव्हापासून तर मला जिकडेतिकडे सुयाच दिसायला लागल्या. ह्याची मान बघा, कानापासून थेट खांद्याला भिडली आहे, दुधानं अशी होत नाही. त्याच्या पाठीवर मुरूम बघा. तो बघा, मागच्या वर्षी बारीक होता, सहा महिन्यांत रेडा झाला. मी माळवदावर बसून बायकांना शिकवायची: पाठ बघा, मान बघा, डोळे बघा. तुम्ही मला सीआयडी म्हणायचात. मला ते फार आवडायचं. इतकं की एकदा नातीनं विचारलं, "आजी, तू लहानपणी पोलीस होणार होतीस का?" तर मी हो म्हणाले.

मग तालमीत आपला संपत आला.

हे वाचून दाखवताना संपत समोर बसलेला असेल. त्याला अवघडल्यासारखं होईल, होऊ दे. भाऊजी, तुम्हाला आठवतो का त्याचा पहिला हगामा? नारळावरची कुस्ती, जिंकेल त्याला नुसता नारळ. समोरचा त्याच्या दीडपट. ह्यानं खाली वाकून असा काही ढाक टाकला की समोरचा हवेत असताना त्याच्या वस्तादाचा फेटा आधी जमिनीवर पडला. मी माळवदावर उभी राहिले. तुम्ही वर बघितलंत. आपण दोघं एकदमच हसलो. तसा आपला पोर आपल्या दोघांनाही पुन्हा मिळाला नाही.

तीनचार वर्षं तो नारळ जिंकत राहिला. मोठ्या कुस्त्यांना मात्र अंग कमी पडायला लागलं. लोक म्हणायचे, डाव आहे पण वजन नाही. तुम्ही त्याला बदाम खाऊ घातले, दूध पाजलंत, तूप पाजलंत. आणि एका सकाळी, मी दवाखान्यातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तुम्ही माझ्या पडवीत आलात. हातात एक छोटी बाटली.

"वहिनी, संपतला ताकदीची सुई द्याची हाय. आठवड्यातनं एक. तुमचा हात हलका हाय."

"बघू. कसली आहे?"

"बी-कॉम्प्लेक्स."

"कागद कुठाय ह्याच्यावरचा?"

"थंड ऱ्हावी म्हनून माठात ठिवली हुती. निघाला."

आता माझी गंमत बघा, भाऊजी. दूधवाल्यानं माप टाकलं की बोट बुडवून पाणी किती ते बघणारी मी. राहात्याच्या पैलवानाच्या पाठीवरचे मुरूम माळवदावरून मोजणारी मी. सरकारी दवाखान्यात बाटलीवरचं नाव दोनदा वाचल्याशिवाय मी सुई भरली नाही, आणि नव्या पोरींना तेच शिकवलं. तीच मी म्हणाले, "बरं. पाणी उकळत ठेवते."

बी-कॉम्प्लेक्स पातळ असतं. पिवळं, पाण्यासारखं. त्याचा एक वास येतो, तो हाताला दिवसभर राहतो. तुमच्या बाटलीतलं दाट होतं, गोडेतेलासारखं. त्याला वास नव्हता. बारीक सुईनं ते ओढताच येईना. मग मी काय केलं? मी जाड सुई घेतली.

त्या साठ वर्षांच्या पोरीला आता समोर उभी करून विचारावंसं वाटतं, बाई गं, तुझी ती सीआयडीगिरी तेव्हा कुठं चरायला गेली होती?

संपत दर सोमवारी सकाळी पडवीत यायचा, खाली मान घालून पालथा पडायचा, उठून पाया पडायचा. चार महिन्यांत तो माझ्या दारातून सरळ आत येईना, जरा तिरकं व्हावं लागायचं. गाव खूश, तुम्ही खूश. मोठ्या सात कुस्त्या त्यानं लागोपाठ मारल्या. त्याच्या पाठीवर मुरूम आले. मी पाहिले, सुई देताना समोरच होते की. मी काय म्हणाले असेन?

"बदामाची उष्णता आहे रे. रात्री सब्जा भिजत घाल."

एकदा त्याच्या आईनं सांगितलं, भाकरी करपली म्हणून त्यानं ताट भिंतीवर फेकलं. तो असा नव्हता हो. मी तिला म्हणाले, "वयात आहे, लग्न करून टाका." दुसऱ्याच्या पैलवानानं ताट भिंतीवर आपटलं असतं तर मी माळवदावरून त्याच्या रक्तात काय आहे ते सांगितलं असतं. आपल्या पोराच्या वेळी मला फक्त सब्जा आणि लग्न आठवलं.

राहात्याकडचा तो हगामा दोन दिवसांचा होता. तुम्ही म्हणालात, सोमवार चुकायला नको, सुई बरोबर द्या, तिथं कुणाकडून तरी टोचून घेऊ. मी माझी काचेची सिरिंज आणि सुई उकळली, डबीत घातली आणि डबीला माझ्या नोकरीतल्या पांढऱ्या लुगड्याचा निळ्या काठाचा तुकडा गुंडाळला. गाठ मारली. देवाच्या प्रसादासारखी ती पुडी संपतच्या पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेम्पो परत आला तेव्हा हलगी वाजत नव्हती. तिथूनच मला कळलं. हरले असते तरी आपली पोरं हलगी वाजवतात, जरा कमी वाजवतात. त्या दिवशी टेम्पो मुका आला. लोक एकेक करून उतरले आणि कुणी कुणाकडे न बघता घरी गेले.

काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं. शेवटच्या कुस्तीत संपतचा गुडघा फिरला. कुणी ढकललं नाही, पाडलं नाही, नुसता पाय रोवताना गुडघा गेला. अंग वाढलं होतं, सांधा जुनाच होता. त्याला बाहेर काढताना कुणीतरी पिशवी ओढली आणि सगळ्या आखाड्यासमोर डबी उघडी पडली. एकानं आरोळी दिली, "सुईवाला!" आणि मग सगळ्यांनीच. दुसऱ्या गावची माणसं होतीच, पण आपल्या टेम्पोतलेही काही ओरडले. कोण कोण ते मला माहीत आहे. त्यातले दोघं रविवारी पुढच्या रांगेत बसणार आहेत. नावं घेत नाही. त्यांनी खाली बघितलं की कळेल.

आणि तुम्ही म्हणे आत गेलात, डबी उचललीत आणि म्हणालात, "माजी हाय. मला साखर हाय, रोज टोचून घ्यावं लागतं. पोराला ठावं बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्याकडे आलात. चुलीजवळ मुठीतून काहीतरी ठेवलंत. निळ्या काठाचा तुकडा. "धुवून ठिवा," एवढंच म्हणालात. डबी सगळ्या जगानं पाहिली होती. तो काठ आपल्या गावातल्या कुणाही बाईनं ओळखला असता. तो तेवढा तुम्ही कुणाला दिसू दिला नव्हता.

मी तुकडा धुतला. आणि मग मी काय केलं, ते कुणाला सांगावंसं वाटत नाही, म्हणून लिहिते. मी तपासाला लागले! दळणाच्या गिरणीत, पाणवठ्यावर, लग्नांत, वर्षभर मी सांगत सुटले की सुई राहात्याच्या लोकांनी पिशवीत टाकली. कोण शेजारी बसलं होतं, कोणाचा हात पिशवीजवळ गेला, मी टेम्पोतल्या एकेका माणसाची उलटतपासणी घेतली. गुन्हेगाराचा इतका कसून शोध गुन्हेगारानं स्वतः कधी घेतला नसेल. तुम्ही ते ऐकायचात आणि मिशीवरून हात फिरवायचात.

गावानं मात्र तुमचंही ऐकलं नाही, माझंही नाही. गावानं स्वतःचं ठरवलं. वस्तादांनी पोराला वाचवायला खोटं सांगितलं. सुई संपतची. चोरून घेत होता. वस्तादांना फसवलं त्यानं. तालमीत जिंकलेल्या पोरांच्या फोटोंची रांग आहे म्हणतात, मी पाहिलेली नाही. त्यातला संपतचा फोटो उतरवला. तुम्ही तेव्हा अडवलं नाहीत. हे मी तुम्हाला आज विचारते आहे. का अडवलं नाहीत?

आता चहा.

तुम्हाला साखर आहे हे एकदा जगजाहीर झालं आणि तुमची पंचाईत झाली. स्टँडवरच्या हॉटेलात शिरलात की मालक आत ओरडायचा, "वस्तादांचा बिनसाखरेचा!" लग्नात जिलबीचं ताट तुमच्यापुढून न थांबता जायचं. पेढा आला की चार माणसं एकदम म्हणायची, "वस्तादांना नको, वस्तादांना नको." गोडाचे एवढे लालची तुम्ही, लहानपणी गुळाच्या ढेपेला भोक पाडणारे, असं सासूबाई सांगायच्या. चार वर्षं तुम्ही गावात कडू चहा प्यायलात. एकदाही कुणासमोर तोंड वाकडं केलं नाहीत.

आणि रोज दुपारी माझ्या पडवीत यायचात. "वहिनी, च्या टाका." मी अडीच चमचे साखर घालायची. तुम्ही बशीत ओतून प्यायचात, डोळे मिटून. बाहेर कुणाची चाहूल लागली की बशी माझ्याकडे सरकवायचात. चार वर्षं, भाऊजी. त्या चहावर आपण एक शब्द बोललो नाही. मी विचारलं नाही, बाटलीत काय होतं. तुम्ही सांगितलं नाहीत.

नगरच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी तुमचं रक्त तपासलं. मला म्हणाले, "साखर अगदी व्यवस्थित आहे, आजी." मी तिथं हसले. डॉक्टरांना वाटलं, म्हातारीला आनंद झाला. मग तुमच्या उशाशी बसून मी पहिल्यांदा विचारलं.

"भाऊजी, त्या बाटलीत काय होतं?"

तुम्ही नजर वरच्या पंख्याकडे नेलीत.

"तवा इचारलं असतं, तर सांगितलं असतं, वहिनी."

आणि भिंतीकडे कूस वळवलीत. तिसऱ्या दिवशी गेलात.

तेव्हापासून मी ते वाक्य चघळते आहे. मला तुमचा राग येतो. बाटली तुम्ही आणलीत, कागद तुम्ही काढलात, आणि शेवटी दोष विचारलं नाही म्हणून माझा? मग वाटतं, पण तो आहेच. विचारलं असतं तर तुम्ही खोटं बोलू शकला नसता, निदान माझ्याशी. ते मला माहीत होतं. म्हणूनच विचारलं नाही. मलाही संपत मोठा व्हायला हवा होता.

आणि एक शंका उरतेच, तुम्ही गेलात म्हणून ती जात नाही. तो निळ्या काठाचा तुकडा तुम्ही मुठीत लपवलात, तो मला वाचवायला की स्वतःला? माझं नाव आलं असतं तर लोक मला विचारायला आले असते, आणि मी म्हणाले असते, दाट होतं हो, तेलासारखं. हे तुम्हाला ठाऊक होतं. कधी वाटतं, प्रेमानं केलंत. कधी वाटतं, डाव होता. तुम्ही पैलवान माणूस, तुमच्यात दोन्ही एकाच हातानं चालायचं. मी तुमचे आभारही मानते आणि तुमच्यावर संशयही घेते. दोन्ही इथंच ठेवते.

तुमच्या अकराव्याला संपत आला होता. कांद्याचा टेम्पो मारुतीच्या पाराजवळ उभा करून, एक पाय ओढत. लोकांत बसला नाही. मागून माझ्या पडवीत आला, सुईसाठी यायचा तसाच. मी चहा टाकला. साखर घालताना हात थांबला माझा.

"घाला की, बाई. मला कुटं साखर हाय?" तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो आणि मग हसू कुठं थांबवावं ते कळेना.

मी त्याला सगळं सांगितलं. बाटली, कागद, जाड सुई. तो बशीकडे बघत होता.

"म्हंजी ती ताकदीची सुई नव्हतीच?"

"नसावी. मला खात्री नाही. मी विचारलं नाही."

"गावात तर म्हनत्यात, मीच चोरून घेत हुतो."

"तू तेव्हा बोलला का नाहीस? मीच टोचत होते, सांगायचं होतंस."

"तुमचं नाव कसं घेऊ, बाई? आन् वस्ताद साखर म्हनले हुते. त्येंना खोटं पाडू व्हय?"

म्हणजे तोही. आपण तिघंही एकमेकांना झाकत बसलो आणि उघडा पडला एकटा तोच.

मग त्यानं विचारलं, "एक सांगा. त्या सात कुस्त्या... त्या मी मारल्या का सुईनं?"

भाऊजी, ह्याचं उत्तर तुम्ही द्यायला हवं होतं. तुमच्या जागी मला द्यावं लागलं. मी खोटं बोलले नाही. म्हणाले, "त्या सातांचं मला सांगता येणार नाही. पण नारळाच्या सगळ्या तुझ्या. तो ढाक मी माळवदावरून पाहिलाय, तेव्हा तुझ्या अंगात तुझ्या आईच्या भाकरीशिवाय काही नव्हतं."

तो उठला. बशी धुवून ठेवून गेला.

मास्तर, आता इथून पुढं खोकायचं नाही.

रविवारी वस्तादांचा फोटो तालमीत लागणार आहे, आणि तो त्या रिकाम्या खिळ्यावर लावायचा ठरलंय, असं माझ्या कानावर आलं. तो खिळा संपतचा आहे. वस्तादांना दुसरा ठोका. भिंत काही कमी नाही. संपतनं सुई चोरून घेतली नाही. सुई त्याला मी दिली, माझ्या हातानं, सोळा सोमवार, माझ्या पडवीत. काय देते आहे ते मला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचं नव्हतं. बाटली वस्तादांनी आणली होती. पोरानं आम्हा दोघांवर विश्वास ठेवला, एवढाच त्याचा गुन्हा. त्याचा नारळाच्या वेळचा फोटो त्याच्या आईच्या ट्रंकेत आहे, पुठ्ठ्यात. तो लावा. मोठं अंग असलेला नको.

निळ्या काठाचा तुकडा ह्या कागदांबरोबर जोडला आहे. कुणाला शंका असेल त्यानं आपल्या घरातल्या बायकांना दाखवावा. त्या ओळखतील.

भाऊजी, मला तालमीत येऊ देणार नाहीत, पण शेजारचं माळवद अजून उभं आहे. गुडघे साथ देत नाहीत, नात हात धरून वर नेणार आहे. मी तिथं बसून ऐकणार. तालमीची वरची खिडकी उघडी ठेवा, असं मी सांगून ठेवलं आहे. आणि मास्तरांनी एक जरी ओळ गाळली तर पदराचं टोक कानावर घेणार आहे. ते खिडकीतून बघायला मी संपतला पहिल्या रांगेत बसायला सांगितलंय.

नातीनं ह्या सगळ्याची सुवाच्य अक्षरात दुसरी प्रत करून दिली. ती संपतच्या खिशात आहे.

सभा संपली की सगळ्यांना चहा मी पाठवणार आहे. तुमच्या नावाचा एक कप मारुतीपुढं ठेवायला सांगितलाय. अडीच चमचे साखर घालून. सगळ्यांसमोर.